केसांच्या आकड्यांची नवरी

नूमा सोनिएने आपल्या बापाचं थडगं विकून टाकलं, अशी कुजबुज आमच्या सातव्या वॉर्डात आधी न्हाव्याच्या दुकानात सुरू झाली. तिथून ती चर्चच्या पायऱ्यांवर आली आणि सोमवारी घरोघर लाल राजमा शिजतो, त्याच्या वाफेबरोबर दुपारपर्यंत सगळ्या न्यू ऑर्लिन्सभर पसरली. कुणी म्हणे, एका सहल कंपनीला विकलं. कुणी म्हणे, टेक्सासच्या एका तेलवाल्या विधवेला विकलं, तिला मेल्यावर ऐतिहासिक जागेतच पडायचं होतं म्हणे. कोपऱ्यावरची मिस अर्झीली तर शपथेवर सांगायची की करारपत्र तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या डोळ्यांना चष्म्याशिवाय स्वतःचा नवराही दिसत नसे, पण शपथ ती शपथ.

मी नूमाचा पारॅन. म्हणजे बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याला हातावर घेऊन उभा राहिलेला धर्मबाप. पाणी डोक्यावर पडताच पोरगं रडलं नाही, बडबडायला लागलं. पाद्री म्हणाला, "आल्सिड, हा एक तर माझ्या जागी येईल, नाहीतर तुरुंगात जाईल." दोन्ही चुकलं. तो गाईड झाला.

त्याचा बाप एतिएन माझ्याबरोबर गिलाव्याच्या कामावर होता. मी गिलावा करायचो, तो त्याआधी भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकायचा. अबोल माणूस. तोंडात कायम चार खिळे, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. नूमा नऊ वर्षांचा असताना तो शिडीवरून पडून गेला. त्याआधी त्यांची धाकटी, ऑडेट, चार वर्षांची होऊन तापात गेली होती. दोघंही आमच्या जुन्या कबरस्तानात, सोनिएंच्या थडग्यात. आमच्याकडे माणसाला जमिनीत घालत नाहीत. खाली हातभर खणलं की पाणी लागतं. जमिनीवर विटांचं घर बांधायचं आणि वरच्या कप्प्यात पेटी सरकवायची. एक वर्ष आणि एक दिवस झाला की कप्पा पुन्हा उघडता येतो. मागच्याची हाडं मागे ढकलायची, ती खालच्या खड्ड्यात पडतात, आणि नवीन माणसाला जागा होते. खड्ड्यात आजा, पणजा, बायका, पोरं, सगळ्यांची हाडं एकमेकांत मिसळलेली. नूमाची आई, मिस क्लेओनीस, म्हणायची, "जिवंतपणी एतिएनने मला धड मिठी मारली नाही, लाजायचा. तिथे कुठे जाईल पळून?"

ती पोरींचे पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या दिवसाचे, पांढरे झगे शिवायची. अर्ध्या वॉर्डातल्या पोरी तिच्या हातचे झगे घालून चर्चमध्ये गेल्या आहेत. त्या शिलाईवर तिने नूमाला वाढवलं आणि दर वर्षी एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, बादली, ब्रश आणि पिवळी शेवंती घेऊन ती थडग्याला चुना लावायला जायची. चुना मी कालवून द्यायचो. सिमेंट नाही, चुनाच. जुन्या मऊ विटेला सिमेंट थापलं की तिचा श्वास कोंडतो आणि ती आतून फुटते. हे आजकालच्या पोरांना सांगून उपयोग नाही.

नूमाला मी दोन वर्षं गिलावा शिकवला. हातात थापी धरली की त्याला थापा सुचायच्या. भिंत राहायची बाजूला आणि मालकीणबाई त्याच्या गोष्टी ऐकत बसायच्या. शेवटी मीच म्हणालो, "बाबा रे, तुझ्या हाताला नाही, जिभेला काम शोध." त्याने परीक्षा दिली, बिल्ला मिळवला, गवती टोपी घेतली आणि कबरस्तान दाखवायला लागला.

आता आमच्या गावात गाईड खोटं बोलतो, हे त्यांची गाडी ओढणाऱ्या खेचरालाही ठाऊक आहे. खेचर ऐकून ऐकून मान डोलावतं. चाच्यांबद्दल बोला, गव्हर्नरांबद्दल बोला, त्यांचं कोण येतंय भांडायला? पण गाईडांत एक रीत होती. ज्या थडग्याला एक नोव्हेंबरला कुणी चुना लावायला येतं, त्यातल्या माणसाबद्दल खोटं बोलायचं नाही. एकाने पूर्वी बोलून पाहिलं होतं. एका बेकरीवाल्याच्या आजीला त्याने विष घालणारी केलं, तर बेकरीवाल्याच्या तीन मुलांनी त्याची छत्री त्याच्याच पाठीवर मोडली. तेव्हापासून रीत पक्की. नूमाही पाळायचा. लोकांच्या मेलेल्यांना त्याने कधी बोट लावलं नाही.

पण स्वतःच्या मेलेल्यांबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं.

जुलै महिना होता. ऊन असं की फरशीवरून चालताना चपला चिकटाव्यात. ओहायोहून लग्नाआधीची मौज करायला आलेल्या बारा पोरी, सगळ्यांच्या अंगात एकसारखे गुलाबी सदरे. गावातलं जे नामांकित थडगं बघायला त्या आल्या होत्या, त्याला नेमकं दुरुस्तीचं कुंपण घातलेलं. एकीने जांभई दिली. गाईडला जांभई म्हणजे गवयाला खोकला. नूमा समोरच्या थडग्यावर हात ठेवून थांबला. ते त्याच्या बापाचं होतं. कुणी छत्रीने मारायला यायला नको, म्हणून त्याने तेच निवडलं.

"ही झेलिया," तो म्हणाला, हळू आवाजात. "हिची गोष्ट मी सगळ्यांना सांगत नाही."

आणि मग सुटला. झेलिया नवरी, लग्नाच्या दिवशी केसांत बारा आकडे खोचून चर्चमध्ये उभी. नवरदेव सकाळच्याच आगबोटीने नदीवरून पसार. तीन आठवड्यांत पिवळ्या तापाने ती गेली, केसांतले आकडे तसेच. कुणीही काढायला धजलं नाही. आता जी पोरगी आपल्या केसांतला आकडा हिच्या भिंतीत खोचते, तिचं लग्न वर्षाच्या आत होतं, आणि नवरा पळून जात नाही.

"पण इथे तर एतिएन लिहिलंय," एकीने विचारलं.

"तो भाऊ. घरच्यांनी लाजेने हिचं नावच कोरलं नाही," नूमा म्हणाला. असा पटकन, की मलाही खरं वाटलं असतं.

जांभई देणारीने पहिला आकडा काढला. मग बाकीच्या अकरा जणींनी.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला, हसून हसून डोळ्यांत पाणी. "पारॅन, बाबांच्या भिंतीत बारा आकडे!"

मी म्हणालो, "तुझा बाप जन्मात एका बाईकडे मान वर करून बघू शकला नाही. आता मेल्यावर बारा?"

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. हे लिहून ठेवतो, कारण पुढे सगळे म्हणाले की हसला तो फक्त नूमा.

गोष्ट चांगली होती, हेच वाईट झालं. पोरींनी फोटो टाकले. ऑगस्टमध्ये लोक विचारत यायला लागले, झेलिया कुठे आहे? सप्टेंबरमध्ये दुसऱ्या गाईडांनी उचलली. विटांच्या सांध्यांत आकडेच आकडे, गंजलेले, रंगीत मण्यांचे, एक तर चांदीचा. तो मिस अर्झीलीच्या नातीने उपटून नेला, तिचं अजून जमलेलं नाही. गंज चढला की आकडा फुगतो, आणि फुगला की चुना सोडतो. गिलाव्याचे पापुद्रे पोरी आठवण म्हणून पर्समध्ये घालून न्यायच्या.

मग एक नोव्हेंबर आला. मिस क्लेओनीस रविवारचा निळा झगा घालून, शेवंती काखेत, ब्रश हातात. मी मागे चुन्याची बादली घेऊन. कबरस्तानात नेहमीची गर्दी, कुणाच्या डब्यात गंबो, कुणी मेलेल्यांना गेल्या वर्षाच्या बातम्या सांगतंय. आणि सोनिएंच्या थडग्यापुढे रांग. पंधरा-वीस बाया, केस मोकळे, हातात आकडे. एकीने मिस क्लेओनीसला मागे उभं पाहिलं आणि आपल्या डोक्यातला एक काढून पुढे केला.

"घ्या ना मावशी, तुम्हीही खोचा. वयाचं काय एवढं?"

"मला एक नवरा होऊन गेलाय, बेबी," मिस क्लेओनीस म्हणाली. "तो आत आहे."

सगळ्या हसल्या. रांगेच्या तोंडाशी गवती टोपी दिसली. नूमाने आईला पाहिलं. मी त्याचं तोंड बघत होतो. त्याची गोष्ट अर्ध्यावर थांबली, आणि नूमाची गोष्ट अर्ध्यावर थांबलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मग पुढे काय झालं?"

त्याने टोपी काढली, आईकडे हात केला आणि म्हणाला, "आणि आज आपलं भाग्य बघा! ही झेलियाच्या भावाची पणती. दर वर्षी येते, न चुकता, आत्येचा राग शांत करायला."

सगळ्या वळल्या. फोन वर झाले. दोघी येऊन तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या आणि दात दाखवले. मिस क्लेओनीस ब्रश धरून उभी. ती हसली नाही, रागावली नाही. कुणीतरी म्हणालं, "बघा, किती दुःखी दिसतेय!"

मला हसू आवरलं नाही. बादली हिंदकळली, चुना बुटावर सांडला.

रांग संपल्यावर तिने थडगं रंगवलं. आधी एकेक आकडा उपटला, सगळे झग्याच्या ओच्यात गोळा केले. मग चुन्याचे दोन हात मारले. ऑडेटच्या नावावर ती ब्रश नेहमी हळू फिरवायची, तसाच फिरवला. घरी परत येताना एवढंच म्हणाली, "आल्सिड, चुना छान बसलाय हं यंदा." नूमा संध्याकाळी तळलेला मासा भरलेला पाव घेऊन आला, तिने वाढून दिली, तोही जेवला. विषय निघाला नाही. आमच्या घरांत असे विषय निघत नाहीत, ते मूग गिळून तिथेच बसतात.

पुढच्या वर्षी चुना लावायला ती आलीच नाही. पाय सुजायला लागले होते. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले, फार तर हा हिवाळा काढेल. नूमा माझ्याकडे आला.

"पारॅन, बाबांचं थडगं नीट करायचंय. आईला ठेवायचंय तिथे. मागे ढकलायचं, मिसळायचं, सगळं जसं ती म्हणते तसं. आणि त्या नवरीला घालवायचंय."

"नवरी आणलीस तू. आता घटस्फोटही तूच दे," मी म्हणालो.

पण कामाला लागलो. सगळे सांधे खरवडले. तीनशेच्या वर आकडे निघाले, मोजायचे सोडून दिले. नवा चुना भरला, दोन थर चढवले. माझे गुडघे सांगत होते की म्हाताऱ्या, बस कर, पण भिंत अशी सफाईदार झाली की हात फिरवावासा वाटावा. तीन आठवड्यांत पुन्हा आकडे. मऊ चुन्यात तर ते लोण्यात सुरी जावी तसे जायचे.

मग नूमा रोज तिथे उभा राहायला लागला, आपले लोक सोडून, बिनपैशाचा पहारेकरी. एकदा मीही बरोबर होतो. एक घोळका आला, पुढे एक नवी गाईड, ऑरेगॉनहून येऊन गावात आठ महिने झालेली, पण बोलायची अशी की जशी वसाहतीच्या काळापासून इथेच आहे. तिची गोष्ट आगबोटीपर्यंत आली तेव्हा नूमा मध्ये पडला.

"बायांनो, हे खोटं आहे. झेलिया नावाची कुणी नव्हती. हे माझ्या बापाचं थडगं आहे. मी सोनिए. गोष्ट मी रचली, उन्हात, एकीने जांभई दिली म्हणून."

मग एका बाईने टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या वाजवायला लागल्या.

"अरे वा! हाच तो पळालेला नवरदेव का?" कुणीतरी विचारलं.

"नाही हो, हा तिचा भाऊ. अजून लाजतोय!" दुसरी म्हणाली.

"मी खरं सांगतोय!" नूमा ओरडला.

"काय अभिनय आहे!" तिसरी. आणि तिने त्याच्या टोपीत नोट टाकली. त्याने ती काढून परत केली, तर तिला ते आणखी आवडलं.

ऑरेगॉनवाली त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "मिस्टर, ही माझी थांबण्याची जागा आहे. माझा घोळका बिघडवू नका."

"गोष्ट माझी आहे."

"गोष्ट कुणाच्या बापाची नसते."

"ही आहे," नूमा म्हणाला. "हे काय, इथे नाव कोरलंय बघ."

तिने बघितलं. एतिएनमधली अर्धी अक्षरं आकड्यांनी टोकरून गेली होती, आणि ऑडेटच्या नावाच्या जागी कुणीतरी बदाम कोरला होता. परत येताना एक म्हातारीशी बाई थांबून नूमाला प्रेमाने म्हणाली, "बाळ, तू सांगताना एक चुकवलंस. आकडा खोचण्याआधी तीनदा गोल फिरायचं असतं." त्याने तिचे आभार मानले. वळणच तसं, पाहुण्याला उलट बोलायचं नाही.

मिस क्लेओनीस मार्चमध्ये गेली, मंगळवारी सकाळी, खिडकीपाशी, शिवायच्या खुर्चीत. अंत्ययात्रेला अर्धा वॉर्ड लोटला. कितीतरी बाया ज्यांचा पहिला पांढरा झगा तिने शिवला होता, त्या पांढरे कपडे घालून आल्या. बँड पुढे, सावकाश भजन, मग आम्ही. आमची रीत अशी की बँड कबरस्तानाच्या दारापर्यंत जातो आणि तिथे देहाला सोडून देतो, मग परतताना नाचायचं. मी सकाळीच चुना कालवून ठेवला होता, कप्प्याचं तोंड बंद करायला. बादली ओल्या गोणपाटाखाली झाकून दाराशी ठेवून आलो होतो.

रॅम्पार्ट रस्त्याच्या कोपऱ्यावर पेटीची गाडी उजवीकडे वळायला हवी होती. ती सरळ गेली. पुलाकडे.

ट्रंपेटवाल्याची धून घशातच अडकली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी पुढे धावलो. या गुडघ्यांनी धावलो, आणि गाडीच्या खिडकीवर थाप मारली.

"नूमा! कुठे नेतोयस तिला?"

"पलीकडे, पारॅन. नदीपलीकडे."

"पलीकडे माती आहे! पाण्यात ठेवणार आईला? बाप इथे आहे तुझा! ऑडेट इथे आहे!"

"माहितेय."

"मग?"

त्याने काच वर केली. एवढंच. गाडी पुलावर चढली आणि बँडला तिथेच, त्या भलत्या कोपऱ्यावर, देह सोडून द्यावा लागला. कुणाचे पाय नाचायला उचलेनात. मी परत कबरस्तानाच्या दाराशी गेलो. चुना वरून घट्ट झाला होता. तो तिथेच गटारात ओतला.

त्याच दुपारी न्हाव्याच्या दुकानात सगळे बसले होते. सगळ्यांच्या तोंडात एकच प्रश्न. मी खुर्चीत, गालावर साबण. मला राग आला होता, माझा चुना वाया गेला होता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी पारॅन, मला ठाऊक असणार. मला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "विकलं असेल. कंपनीवाल्यांना. तिथे आता नवरी राहते ना." लोक हसले. मग हसायचे थांबले. मग एकमेकांकडे बघितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि ती माझी जीभ होती.

नूमाने कधी नाही म्हटलं नाही. मिस अर्झीलीने त्याला तोंडावर विचारलं, "किती मिळाले रे?" तर तो म्हणाला, "पुरेसे." वॉर्डात बँडच्या मिरवणुका काढणाऱ्या मंडळाने त्याला मिरवणुकीत घेणं बंद केलं. चर्चमध्ये शांतीचा हात द्यायची वेळ आली की त्याच्या शेजारचा माणूस नेमका वाकून बुटाची नाडी बांधायचा. त्याने बिल्ला परत केला. आता विमानतळावर आहे, चालता न येणाऱ्यांच्या खुर्च्या ढकलतो. तिथे कुणी विचारलं, गावात काय बघू? तर तो म्हणतो, हवा गरम आहे, हॉटेलातच बसा. हे मला त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाने सांगितलं. माझ्याकडे तो येत नाही. मीही कधी गेलो नाही.

गेल्या वर्षी मिस हर्मांस आजारी पडली. मिस क्लेओनीसची शेजारीण, शेवटचे चार महिने तिच्या उशापायथ्याशी बसलेली. मी तिला भेटायला सूप घेऊन गेलो, आणि सवयीने नूमाची उणीदुणी काढायला लागलो. तिने चमचा खाली ठेवला.

"आल्सिड, मला तिने शपथ घातली होती की हे बाहेर बोलायचं नाही, पोराला याच गावात राहायचंय म्हणून. पण तुझं तोंड ऐकवत नाही आता."

तिने सांगितलं ते एवढंच. थडगं विकलेलं नाही. ते आजही सोनिएंच्या नावावर आहे आणि वरचा कप्पा रिकामा आहे. मिस क्लेओनीसनेच फेब्रुवारीत नूमाला समोर बसवून सांगितलं होतं, की मला तिथे ठेवू नकोस, तिथे मी आता एतिएनची बायको नाही, तुझ्या झेलियाच्या भावाची पणती आहे.